शकुंतलेचा फोटो

मामाने शकुंतलेचं मॉडेल केलंय हे मागे लिहिलं होतं. त्यावर सगळ्यांचा एकच धोशा, "अरे फोटो टाक ना!" टाकतो. पण तो फोटो काढायला मला वर्ष लागलं आणि मध्ये एक महागडी लेन्सही घेऊन झाली. त्याचीच ही गोष्ट.

आधी गाडीबद्दल, कारण सगळ्यांचं आजोळ काही यवतमाळकडे नसतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्हा-कारंजावरून, ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली ती काही आमच्या आजोबांच्या सोयीसाठी नव्हे, कापसासाठी. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढायचा, तिथून मुंबई, आणि तिथून बोटीने मँचेस्टर. गंमत म्हणजे १९२३ पासून ही गाडी ओढणारं वाफेचं इंजिनसुद्धा १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं! ते थेट १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल आलं. आता तर गाडीच बंद आहे.

मामा शाळेला याच गाडीने दारव्ह्याला जायचा. इतकी वर्षं ये-जा करून आमच्या घरात या गाडीचा एकही फोटो नाही. रोजच्या गाडीचा फोटो कोण काढणार? रोल लग्नमुंजीसाठी राखून ठेवलेला असायचा. म्हणून रिटायर झाल्यावर मामाने आठवणीतूनच मॉडेल करायला घेतलं. प्रमाण १:८७. ७६२ ला ८७ ने भागलं की जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ९ मिलिमीटरचे खेळण्यातले रूळ विकत मिळतात. तेवढी चाकं आणि रूळ विकतचे, बाकी इंजिनाचं अंग पुठ्ठ्याचं आणि स्टेशनाचं छप्पर काड्यापेटीच्या काड्यांचं.

मी मोठ्या तोऱ्यात डीएसएलआर आणि ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन गेलो. लहान वस्तू म्हणजे मॅक्रो, हे आपलं ठरलेलं. फोटोत इंजिनाची चिमणी इतकी स्पष्ट की पुठ्ठ्याचे तंतू दिसावेत, आणि मागचा डबा म्हणजे नुसतं धुकं. वस्तू जितकी जवळ आणि कॅमेऱ्याचा सेन्सर जितका मोठा, तितका फोकसमध्ये येणारा पट्टा अरुंद होतो. छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक केलं, तर पट्टा थोडा वाढला, पण प्रकाश त्या बारीक छिद्रातून जाताना पसरतो, त्यामुळे सगळंच मऊ पडलं. त्यातला बरा फोटो मामाला दाखवला. चष्मा वर करून म्हणाला, "हे तं इमानातून काढल्यावानी दिसते. आपण फलाटावर उभे राहत होतो ना रे?"

घरी येऊन हिशोब केला. माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले, तर या प्रमाणात ते साधारण १.७ सेंटिमीटर. माझी लेन्स टेबलावर टेकवली तरी तिचा मध्य साडेतीन सेंटिमीटरवर. म्हणजे शकुंतलेच्या जगात मी दहा फूट उंचीवरून बघत होतो! शिवाय ६० मिलिमीटरची लेन्स लांबून बघते, त्यामुळे इंजिन अंगावर येत नाही. मामाचं बरोबर होतं. माझ्या कॅमेऱ्यात खोट नव्हती, तो फक्त फार मोठा होता.

जुन्या काळी मॉडेलवाले यावर उपाय म्हणून लेन्स काढून टाकायचे आणि पत्र्याला सुईचं भोक पाडून फोटो घ्यायचे. सगळं सारखंच स्पष्ट, फक्त मिनिटभर कोणी टेबलाला धक्का द्यायचा नाही. आणि काड्यापेटीचा विषय निघालाच आहे तर, दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली एकेक चौकट घेत काड्यांचाच चित्रपट केला होता, 'आगकाड्यांची मौज'. त्याआधी, 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायला, कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ अशीच टिपलेली. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात राजापासून नाही, एका वाटाण्यापासून झाली. कॅमेरा तिथेच ठेवून धीराने बसणं हे त्यातलं खरं भांडवल. मला ते फार उशिरा कळलं. असो.

शेवटी कपाटातला जुना खिशातला कॅमेरा काढला, कॅनन ए६२०, २००५ सालचा. त्याचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे फोकसचा पट्टा आपोआप रुंद. रुंद कोनात तो वस्तूच्या अगदी जवळ जातो. छिद्र एफ/८ वर हातानं ठेवता येतं, आणि पडदा फिरतो, म्हणून टेबलावर गाल टेकवावा लागत नाही. कॅमेरा थेट टेबलावरच टेकवून ठेवला! लेन्स खाली, जवळजवळ फलाटावर उभ्या असलेल्या पोराच्या पातळीला आली. दहा सेकंदांचा टायमर, खिडकीतला उजेड, आणि फोकस पुढे-मागे सरकवून तीन फोटो, ते संगणकावर जोडले. (आजकालच्या मोबाइलनेही हे जमतं. सेन्सर लहानच असतो, आणि फोन उलटा धरला की लेन्स टेबलाशी येते. भारी लेन्स आता जास्वंदीच्या कामी येते.)

फोटो घेऊन दारव्ह्याला गेलो. मामा बराच वेळ बघत बसला. मला वाटलं आता डोळे पुसणार. तर म्हणतो, "फलाट चुकला. इतका उंच नव्हता. मले हात देऊन वर ओढत होते." आणि उठून पट्टी आणि ब्लेड शोधायला लागला.

फोटो खाली देतोय. फलाट अजून जुनाच, उंच आहे.