एका विनोदी खेळाचा उशिरा लागलेला निकाल

१९९५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या व्हिडिओ गेमच्या मासिकांमध्ये निन्टेंडो कंपनीची एक चमत्कारिक जाहिरात आली. या खेळाला घाण वास येतो, असा तिच्या मथळ्याचा अर्थ. सोबत नखाने घासायचे कागद होते आणि घासल्यावर त्यांतून खरोखरच दुर्गंधी सुटत असे. इंग्रजी बोलीत त्याच मथळ्याचा दुसरा अर्थ ‘हा खेळ टाकाऊ आहे’ असा होतो. जाहिरात करणाऱ्यांना हा श्लेष गंमतीचा वाटला असणार. गिऱ्हाइकाला तो कितपत कळला हे विक्रीवरून दिसतं. जाहिरातबाजीवर वीस लाख डॉलरच्या आसपास खर्च झाल्याचं सांगितलं जातं आणि अमेरिकेत खपलेल्या प्रती भरल्या सुमारे एक लाख चाळीस हजार. जपानमध्ये त्याच्या किमान दुप्पट खपल्या होत्या.

खेळाचं नाव ‘अर्थबाउंड’. जपानी नाव ‘मदर २’, म्हणजे हा एका मालिकेचा दुसरा भाग. पहिला भाग १९८९ साली जपानमध्ये आला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण होऊनही कंपनीने ते बाजारात आणलं नाही. त्यामुळे अमेरिकन खेळाडूच्या हाती दुसरा भाग पडला तो पहिल्याची काहीच ओळख नसताना. पहिला भाग तिथे अधिकृतपणे पोचायला २०१५ साल उजाडावं लागलं.

मी हा खेळ पुष्कळ उशिरा, चाळिशीत खेळले. माझा व्यवसाय भाषांतराचा आहे, आणि खरं सांगायचं तर खेळाइतकंच मला त्याच्या परीक्षणांचं कुतूहल होतं. एकाच कलाकृतीला वीस वर्षांच्या अंतराने दोन अगदी उलट निकाल मिळाले, तर मधल्या काळात बदललं काय? कलाकृती तर तीच होती, अक्षरशः बिट न् बिट तीच.

खेळ ज्याने लिहिला तो शिगेसातो इतोइ हा व्हिडिओ गेमच्या धंद्यातला माणूस नव्हे. तो जाहिरातींच्या ओळी लिहिणारा, जपानमध्ये घरोघरी ठाऊक असलेला लेखक. ‘माय नेबर तोतोरो’ या चित्रपटातल्या वडिलांचा मूळ जपानी आवाज त्याचाच. रोल-प्लेइंग गेम म्हणजे तलवारी, राजवाडे, ड्रॅगन असा संकेत जपानमध्ये तेव्हा पक्का झाला होता. इतोइने तलवारीच्या जागी बेसबॉलची बॅट दिली, जादूच्या औषधाऐवजी हॅम्बर्गर दिला आणि राज्याच्या जागी अमेरिकेसारखा दिसणारा ‘ईगललँड’ नावाचा देश उभा केला. नायक नेस हा टोपी घातलेला शाळकरी मुलगा. त्याचे वडील कधी दिसत नाहीत, फक्त फोनवर बोलतात. मुलाने राक्षस हरवले की बँकेत पैसे भरतात आणि फार वेळ खेळत बसलास तर मध्येच फोन करून ‘जरा विश्रांती घे’ असं सुचवतात.

इतोइचा विनोद कोणत्या जातीचा आहे हे दोन ठिकाणी चांगलं कळतं. एका धबधब्यामागे शत्रूचा अड्डा आहे. दारावर परवलीचा शब्द मागतात, पण शब्द असा नाहीच. तीन मिनिटं काही न करता गप्प उभं राहायचं, हीच परवल. हातात बटणं असलेल्या मुलाला तीन मिनिटं निश्चल उभं करणारा लेखक धीट म्हणायचा. दुसरी जागा नेसला घराची आठवण येते ती. बरेच दिवस आईशी बोलणं झालं नाही की तो ऐन लढाईत तिचा विचार करत उभा राहतो आणि त्याची पाळी फुकट जाते. त्यावर औषधोपचार नाही, टेलिफोन शोधून घरी फोन करायचा. हसू येतं, आणि लगेच लक्षात येतं की आपण हसतो आहोत त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही.

हा दुसरा भाग रखडत रखडत पाच वर्षांत झाला. मध्यंतरी काम इतकं अडकलं की ते बंद पडायच्या बेतात होतं. तेव्हा सातोरू इवाता हे मदतीला आले. पुढे ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, मुळापासून रचू दिलं तर अर्ध्या वर्षात करतो, असं त्यांनी सांगितल्याची आठवण इतोइने सांगितलेली आहे. २७ ऑगस्ट १९९४ ला ‘मदर २’ जपानमध्ये बाहेर पडला आणि पुढच्या जूनमध्ये अमेरिकेत.

हे वेळापत्रकच त्याच्या मुळावर आलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘डाँकी काँग कंट्री’ आला होता. त्यातली गोलाईदार, चकचकीत माकडं पाहून लोक थक्क झाले होते. ज्याला अमेरिकेत ‘फायनल फँटसी ३’ म्हणत तो भव्य, शोकात्म खेळही त्याच हंगामातला. प्लेस्टेशन सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकन दुकानांत येणार होतं. या गर्दीत लहान मुलाने रंगवल्यासारखी सपाट चित्रं घेऊन ‘अर्थबाउंड’ उभा राहिला. परीक्षकांपुढे गुणपत्रिका तयार असे, चित्रांना इतके, आवाजाला इतके. चित्रांत तो तिथेच मार खाई. विनोदासाठी मात्र रकाना नव्हता.

आणखी एक अडचण होती, तिच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही. मासिकात खेळाचं दर्शन घडतं ते चार-सहा छोट्या छायाचित्रांतून. ‘डाँकी काँग कंट्री’चं एक छायाचित्र स्वतःच स्वतःची जाहिरात करतं. तीन मिनिटं उभं राहण्याचं छायाचित्र कसं काढणार? हा विनोद वेळेत घडतो, आणि पानावर वेळ छापता येत नाही.

तरीही ‘टीकाकारांनी खेळ झिडकारला, चाहत्यांनी वाचवला’ ही आज सांगितली जाणारी गोष्ट मला जरा जास्तच सुबक वाटते. ‘डायहार्ड गेमफॅन’ या मासिकाच्या परीक्षकाने १९९५ मध्येच लिहिलं होतं की हा ‘फायनल फँटसी ३’ इतका भारदस्त नाही, पण मजा तेवढीच आहे. आपला पहिला ग्रह खेळाने पार खोटा ठरवला, हेही त्याने नोंदवलं आणि विनोदाची तारीफ केली. म्हणजे बघणाऱ्याला तेव्हाही दिसत होतं. उलट बाजूने, आजच्या गौरवात कुरकुरीला जागा उरलेली नाही, आणि कुरकुर रास्त आहे. प्रत्येक पात्राच्या झोळीत चौदाच वस्तू मावतात, त्यांतल्या काही टाकताही येत नाहीत, आणि एका मेन्यूतून दुसऱ्या मेन्यूत जाता जाता जीव मेटाकुटीला येतो. हा दोष १९९५ मध्ये दोष होता आणि आजही आहे.

निकाल हळूहळू फिरला. १९९९ मध्ये नेस ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या खेळात पाहुणा म्हणून आला आणि ज्यांनी मूळ खेळ पाहिलाही नव्हता त्यांना त्याचं नाव माहीत झालं. लहानपणी तो खेळलेली मुलं मोठी झाली, अर्ज-विनंत्या करू लागली. काही स्वतः परीक्षणं लिहू लागली, काही खेळ बनवू लागली. २०१३ च्या जुलैत ‘अर्थबाउंड’ वी यू यंत्रावर पुन्हा आला तेव्हा कौतुकाचा पाऊस पडला. जी चित्रं मागासलेली ठरली होती ती आता साधी, चार्ली ब्राऊनच्या व्यंगचित्रांची आठवण देणारी ठरली. २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ आला. त्याचा कर्ता टोबी फॉक्स याच चाहत्यांच्या गोतावळ्यात वाढलेला.

पण दोन्ही निकालांत मला एक माणूस बराच काळ दिसत नव्हता. तो भाषांतरकार. मी वाचलेल्या १९९५ च्या परीक्षणांत त्याचा उल्लेख नाही. विनोद बालिश आहे की बहारीचा यावर मत आहे, पण हा इंग्रजी विनोद कुणाच्या लेखणीतून उतरला हा प्रश्नच नाही. ते काम मुख्यतः मार्कस लिंडब्लॉम यांनी केलं, मासायुकी मिउरा यांच्या साथीने. दुसऱ्याने जेमतेम सुरू करून सोडलेलं काम त्यांच्याकडे आलं होतं. हवं तितकं विचित्र लिहा, अशी त्यांना मोकळीक होती. सोबत बंधनंही होती. दारूचे गुत्ते कॉफीची दुकानं झाले, इस्पितळावरचा लाल क्रॉस गेला, स्वप्नभूमीत उघडा फिरणारा नेस रात्रीच्या कपड्यांत आला.

कोटीचं भाषांतर होत नाही असं आपण सरसकट म्हणतो. लिंडब्लॉम यांच्यापुढची एक कोटी पाहा. जपानी खेळात एका जागी वाट अडवून लोखंडी ऑक्टोपस उभा असतो. ऑक्टोपस म्हणजे ‘ताको’, पुसून टाकणं म्हणजे ‘केशी’. तेव्हा तो नाहीसा करणारं यंत्र झालं ‘ताकोकेशी’. पुढे दुसरा अडथळा येतो तो कोकेशी नावाच्या लाकडी बाहुलीचा. तिच्या नावातच ‘केशी’ आहे, म्हणून यंत्र ‘कोकेशीकेशी’. इंग्रजीत हे सगळं कोसळतं. तिथे ऑक्टोपसची पेन्सिल झाली आणि यंत्र झालं पेन्सिल पुसणारं खोडरबर. बाहुलीच्या जागी आलं खुद्द खोडरबर, आणि त्याला पुसायला खोडरबराचं खोडरबर. एक शब्दही मूळचा नाही आणि विनोदाची बांधणी मात्र जशीच्या तशी आहे. शाळेच्या दप्तरातली वस्तू निवडल्यामुळे नेसच्या वयालाही ते शोभतं. असं एखादं जमलं की मी दोन दिवस खुशीत असते.

लिंडब्लॉम यांचं नाव चाहत्यांत सर्वतोमुखी झालं ते २०१३ च्या सुमारास, मुलाखती येऊ लागल्यावर. तोवर जवळजवळ अठरा वर्षं लोक त्यांची वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत होते आणि श्रेय इतोइच्या खात्यावर जमा होत होतं.

१९९५ च्या थंड स्वागताची किंमत तिसऱ्या भागालाही मोजावी लागली असं मला वाटतं. ‘मदर ३’ एप्रिल २००६ मध्ये जपानमध्ये आला, इंग्रजीत आणला गेला नाही. अखेर क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने चाहत्यांच्या एका गटाने त्याचं इंग्रजी भाषांतर फुकट केलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये लोकांपुढे ठेवलं. हवं असेल तर आपला मजकूर निन्टेंडोने विनामूल्य वापरावा, असंही मँडेलिन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘मदर ३’ स्विच यंत्रावर पुन्हा उपलब्ध केला, तो फक्त जपानमध्ये आणि फक्त जपानी भाषेत.