चिंग-शानची रोजनिशी : एका बनावट कागदाची कथा

चीन देशाविषयीं पाश्चात्त्यांत ज्या विपरीत समजुती रूढ झाल्या, त्या सर्वच अज्ञानापोटीं जन्मल्या असें म्हणतां येत नाहीं. कांहींचें मूळ चिनी भाषेच्या जाणकारांपाशींच सांपडतें. चिंग-शानची रोजनिशी हें याचें ठळक उदाहरण होय.

इ. स. १९०० मध्यें बॉक्सर बंडाच्या वेळीं पेकिंग येथील परकीय वकिलातींस वेढा पडला. तो उठवून परकीय फौजा शहरांत शिरल्या, त्या सुमारास चिंग-शान नांवाचा वृद्ध मांचू अधिकारी मरण पावला. त्याच्या घरांत ही रोजनिशी आपणांस मिळाली, असें एडमंड बॅकहाउस या इंग्रज पंडितानें सांगितलें. १९१० मध्यें त्यानें व जे. ओ. पी. ब्लँड यानें राजमाता त्सूशी हिच्या कारकीर्दीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तिचें भाषांतर आलें. हस्तलिखित ब्रिटिश म्यूझियममध्यें गेलें. १९२४ मध्यें लायडनचे पंडित डॉयव्हेंडाक यांनीं मूळ संहितेसह स्वतंत्र भाषांतर छापलें.

रोजनिशींत दरबारच्या गुप्त मसलती व राजमातेचा कोप जवळून दिसतो. सेनापति रोंग-लू मात्र वकिलातींचा छुपा रक्षक ठरतो. परकीय वाचकांस चिनी दरबार जसा असावा असें वाटत होतें, तसाच तो येथें दरबाराशीं संबंध असलेल्या माणसाच्या तोंडून वदविलेला आहे. ‘टाइम्स’चा बातमीदार मॉरिसन यास तिच्या खरेपणाविषयीं संशय होता. त्यास चिनी भाषा येत नव्हती; ज्यांस येत होती त्यांनीं विश्वास ठेवला!

१९३६ मध्यें विल्यम लुइसन यांनीं चिकित्सा करून रोजनिशी अस्सल नाहीं असें प्रतिपादिलें. पुढें स्वतः डॉयव्हेंडाक यांनींही आपलें पूर्वमत सोडलें. १९७६ मध्यें ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीं बॅकहाउसच्या एकंदर लबाड्या उघड केल्या, आणि ही रचना त्याचीच हें मत आतां सामान्यतः ग्राह्य झालें आहे. परंतु तोंपर्यंत तिच्यांतील चित्र अनेक ग्रंथांत उतरून गेलें होतें.

बखरीपेक्षां समकालीन कागद श्रेष्ठ, हें सूत्र आपल्या अंगवळणीं पडलेलें आहे. पण कागदानें आपण समकालीन असल्याचें सांगितल्यानें तो तसा ठरत नाहीं. तो कोणाच्या दप्तरांतून, कोणासमक्ष निघाला, हें आधीं विचारावें; आणि जो आपल्या मनांतलेंच बोलतो, त्याची तपासणी दुप्पट करावी.