'इज', 'आहे' आणि 'शे' : खानदेशातील शब्दार्थाचा इतिहास

परभाषेतील शब्द शिकणे म्हणजे त्याचा स्वभाषेतील अर्थ जाणणे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. खानदेशातील इंग्रजी अध्ययनाचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम भागात ज्या मुलाच्या घरी अहिराणी बोलली जाते, त्याच्या तोंडी 'आहे' या अर्थी 'शे' हे क्रियापद असते. वर्गात मात्र 'इज' म्हणजे 'आहे', असे त्याला शिकविले जाते. इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणून पुढे ठेवलेला शब्दही त्याला शिकूनच घ्यावा लागतो.

या व्यवस्थेची मुळे एकोणिसाव्या शतकातील कोशकार्यापर्यंत जातात. थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. शालेय पुस्तकांची मराठी घडविण्यातही कँडी यांचा मोठा वाटा होता. अर्थाच्या रकान्यात आली तीच मराठी प्रमाण ठरत गेली. पुढे १९०७ साली ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीची मांडणी मराठीबरोबर न करता भिल्ली भाषांबरोबर केली. शाळेने जिला अशुद्ध मराठी मानले, तिला सर्वेक्षणाने मराठीबाहेर ठेवले. अर्थाच्या रकान्यात मात्र दोन्हीकडून तिला जागा मिळाली नाही.

शाळेबाहेर इंग्रजी शब्द कानावाटे आले. १८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेशात पोहोचला आणि 'स्टेशन'चे 'टेसन' झाले. शब्दारंभीचा व्यंजनसंयोग बोलीने सोडविला. कोरियन भाषेत याच्या उलट घडते : इंग्रजीतील एकावयवी 'स्ट्राइक' तेथे अधिकचे स्वर घेऊन पाच अवयवांचा होतो. एक भाषक ध्वनी गाळतो, दुसरा वाढवितो. परंतु दोघेही आपापल्या भाषेचा ध्वनिनियमच पाळतात.

खरा भेद प्रतिष्ठेचा आहे. कोरियनमधील ते पंचावयवी रूप अधिकृत लेखनपद्धतीत आणि कोशात मान्य आहे. मराठीनेही इंग्रजी स्वरांसाठी 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे स्वीकारली. 'टेसन'च्या वाट्याला मात्र बहुधा ग्रामीण पात्राच्या तोंडचा विनोदच आला. परक्या उच्चारासाठी लिपी वाकली, घरच्या उच्चारासाठी ती वाकली नाही.

म्हणून साहित्यकृतीतील अशा रूपांना केवळ 'स्थानिक रंग' म्हणणे समीक्षेला पुरेसे नाही. 'टेसन' ही 'स्टेशन'ची विकृती नव्हे. कोशाची वाट न धरता इंग्रजी शब्द आपलासा केल्याची ती खूण आहे. 'शे' हाही 'इज'चा पूर्ण अर्थ आहे. तो अर्थाच्या रकान्यात लिहिला गेला नाही, एवढेच.