बहुकॅमेरा मुलाखतीचे घरगुती संकलन

बहुकॅमेरा मुलाखतीचे घरगुती संकलन : एकाच मुलाखतीचे दोन किंवा अधिक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी केलेले चित्रण घरच्या संगणकावर जुळवून त्यातून सलग मुलाखत तयार करण्याची प्रक्रिया. दूरदर्शनच्या स्टुडिओत कॅमेरे एकमेकांशी तारेने जोडलेले असतात. कोणता कॅमेरा दाखवायचा हे निर्माता तिथल्या तिथे ठरवतो आणि मिक्सरवर बटण दाबून चित्र बदलले जाते. घरी प्रत्येक कॅमेरा आपापल्या घड्याळाने स्वतंत्र चालतो, म्हणून निवडीच्या आधी जुळणीचे काम येते.

ही पद्धत अनेक कॅमेऱ्यांच्या दूरचित्रवाणीतून आली. अमेरिकेत १९५१ मध्ये ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेसाठी छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेरे एकदम चालवले आणि संकलन मागाहून केले. मराठीत मुलाखतीचे हे व्याकरण रुजवले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने. सुहासिनी मुळगावकर यांच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून वक्त्याचा चेहरा, मुलाखतकाराचा चेहरा आणि दोघांची एकत्र चौकट हा क्रम प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला. घराघरांत हे तंत्र लग्नाच्या व्हिडिओमार्गे पोचले. गावोगावच्या लॅबमध्ये या कामाला आजही ‘मिक्सिंग’ म्हणतात.

चित्रणातली तयारी : संकलनातल्या निम्म्या अडचणी चित्रणातच टाळता येतात. सर्व कॅमेऱ्यांचा फ्रेमवेग एकच असावा. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मोबाइल बहुधा आपणहून सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो आणि शटर १/६० धरतो. मग चित्रात लुकलुक किंवा सरकते पट्टे दिसू लागतात. त्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० शटर ठेवणे श्रेयस्कर. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधीच कुलूपबंद करावेत. दोन्ही कॅमेरे बोलणाऱ्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला हवेत. रेषा ओलांडली की दोघेही एकाच दिशेला बघत असल्यासारखे दिसतात, आणि हा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट दुरुस्त होत नाही.

जुळणी : सर्वांत साधा उपाय म्हणजे सगळे कॅमेरे सुरू झाल्यावर सर्वांना दिसेल अशी एक टाळी वाजवणे. टाइमलाइनवर आवाजाच्या आलेखात तिचा सुळका उठून दिसतो आणि तो सुळका सुळक्याखाली आणला की क्लिप जुळतात. टाळी राहून गेली तरी अनेक सॉफ्टवेअर दोन क्लिपांचे आवाज ताडून जुळणी करतात. त्यासाठी कॉलर माइक वेगळा असला तरी प्रत्येक कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू असला पाहिजे. नंतर तो आवाज बंद करता येतो, पण मुळात नसेल तर ताडायला काहीच उरत नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या वेगात एका फ्रेमला साधारण १४ मीटर. दिवाणखान्यात या विलंबाचा विचार करण्याचे कारण नाही. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी कॅमेरा असेल तर मात्र ओठ पाहून एखादी फ्रेम सरकवावी लागते.

सुरुवात जुळली म्हणजे शेवटही जुळेलच असे नाही. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम चूक साचते. त्यामुळे मुलाखत संपतानाही एक टाळी वाजवावी. मग फरक किती पडला हे कळते आणि क्लिप मध्ये एकदोन ठिकाणी कापून पुन्हा जुळवता येते. मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी : तो फ्रेमवेग कायम न ठेवता कमीजास्त करतो, आणि संवाद कधी पुढे तर कधी मागे पडू लागतो. अशा फाइली आधी हँडब्रेकसारख्या मोफत साधनातून स्थिर फ्रेमवेगाच्या करून घ्याव्यात.

बोलण्याचे संकलन : घरगुती कामात दुसऱ्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग वैविध्यासाठी कमी आणि बोलणे कापता यावे यासाठी जास्त होतो. एकाच कॅमेऱ्यात वाक्य गाळले की वक्त्याचे डोके उडी मारते. त्याच जागी दुसरा कोन आला की कापाकापी डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून आधी कानाने ऐकून बोलणे बेतावे आणि कोन नंतर निवडावेत. नवशिके उलट करतात, कोन बदलण्याच्या हौसेने सुरुवात करतात आणि मजकूर छाटताना सगळी मेहनत वाया घालवतात.

कानाला मात्र असे फसवता येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा भागात जालना रस्त्यावर विमानतळ आणि एमआयडीसी जवळजवळ आहेत. तिथल्या एखाद्या निवृत्त कामगाराची मुलाखत घरच्या मंडळींनी दोन मोबाइलवर घेतली आहे असे समजा. ‘पहिल्या पगारात सायकल घेतली’ हे वाक्य सुरू असताना विमान उठते. पुढची दोन वाक्ये पाल्हाळाची म्हणून काढली, तर वाढत चाललेली घरघर मधेच तुटते. चित्र कितीही सफाईने बदललेले असो, काप उघडा पडतो. अशा वेळी तीन वाटा असतात : घरघर पूर्ण ओसरेपर्यंतचा भाग राखणे, ती सुरू होण्याआधीच कापणे, किंवा रिकाम्या खोलीचा आवाज खाली पसरून सांधा बुजवणे. यासाठी मुलाखत संपल्यावर सर्वांनी गप्प बसून अर्धा-एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घेऊन ठेवावा. उन्हाळ्यात प्रश्नांच्या मधल्या विश्रांतीत पंखा लावला आणि बंद करायचा राहिला, तर हीच अडचण वेगळ्या रूपाने येते.

कोनांची निवड : जुळलेल्या क्लिपांची बहुकॅमेरा क्लिप केली की सर्व कोन पडद्यावर शेजारीशेजारी दिसतात आणि क्लिप चालू असताना क्लिक करून कोन बदलता येतो. डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ही सोय आहे. फायनल कट प्रोच्या २०११ मधल्या नव्या अवतारात ती नव्हती, जानेवारी २०१२ मध्ये ६४ कोनांपर्यंत मिळाली. पॉवरडिरेक्टर चार कॅमेरे हाताळते. केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर आवाज ताडून जुळणी करते. आयमूव्हीत चित्राचे दोनच थर असल्याने दुसरा कॅमेरा वरच्या थरात ठेवून नको तो भाग कापावा लागतो. दोन कॅमेऱ्यांना तेवढेही पुरते.

जो बोलतो त्यालाच दरवेळी दाखवणे हा नियम नव्हे. उत्तराचे पहिले शब्द प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर ऐकू आले, किंवा वक्त्याचे शेवटचे वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर संपले, तर संभाषण वाहते राहते. वयस्कर माणूस आठवण काढताना थांबतो, तो थांबा कापू नये आणि त्यात कोनही बदलू नये. मान डोलावण्याचा क्षण दुसऱ्या जागेवरून उचलून आणणे ही जुनी युक्ती आहे. पण न झालेली संमती झाली असे त्यातून दिसत असेल, तर ती लबाडी ठरते. तिसरा कॅमेरा चालवायला माणूस नसेल तर तो बहुतेक वेळा ओझेच होतो.

रंग, आवाज आणि जतन : रंग जुळवताना एक कॅमेरा प्रमाण मानून दुसरा त्याच्याजवळ आणावा, आणि ताळा त्वचेच्या रंगावर करावा. आवाज सबंध मुलाखतभर एकाच चांगल्या माइकचा ठेवावा. चित्राबरोबर माइक बदलला की खोलीच बदलल्याचा भास होतो. सेकंदाला ५० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला सुमारे २२.५ जीबी लागतात, दोन कॅमेऱ्यांना ४५. जुना लॅपटॉप दोन्ही प्रवाह एकदम चालवताना अडखळतो. अशा वेळी हलक्या प्रतींवर, म्हणजे प्रॉक्सीवर, काम करून शेवटी मूळ फाइलींतून एक्स्पोर्ट करावे. एफएटी-३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे कॅमेरा मुलाखतीचे तुकडे करतो. ते अनुक्रमाने जोडून मगच जुळणीला घ्यावेत. छाटलेल्या प्रतीबरोबर पूर्ण लांबीची, जुळवलेली पण न कापलेली मुलाखतही वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. कुटुंबाला दहा वर्षांनी जी वाक्ये हवी असतात ती बहुधा पाल्हाळ म्हणून काढलेल्या भागात असतात.