लाट कोणाची?

हवाई बेटे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पर्यटन कंपनीची दिनदर्शिका उभी राहते. निळा समुद्र, नारळाची झाडे आणि फळीवर तोल सावरत लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत येणारा एखादा गोरा तरुण. या चित्रात खोटे काही नाही. पण ज्यांनी हा खेळ घडवला, ती माणसे त्यात सहसा दिसत नाहीत.

आज जग ज्याला सर्फिंग म्हणते, त्याला हवाईच्या भाषेत ‘हेए नालू’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे सरकणे, ‘नालू’ म्हणजे लाट. तिथे राजापासून कोळ्यापर्यंत, बायकामुलांसकट सगळेच लाटेवर जात. फळ्या असत कोआच्या, नीरफणसाच्या किंवा आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतल्या विलीविलीच्या लाकडाच्या. कॅप्टन कुकची जहाजे १७७८ मध्ये या बेटांना लागली. पुढच्याच वर्षी त्याचा सहकारी जेम्स किंग याने या खेळाचे वर्णन लिहून ठेवले. त्यात नवलाई आहे, तसा आदरही आहे.

पण जहाजांबरोबर रोगही आले. गोवर, डांग्या खोकला, देवी. लाखांत मोजावी लागणारी मूळ रहिवाशांची वस्ती १८९० च्या शिरगणतीत चाळीस हजारांवर आली. १८२० मध्ये आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांना स्त्रीपुरुषांनी उघड्या अंगाने एकत्र खेळणे आणि त्यावर पैजा लावणे रुचले नाही. पुढे उसाचे मळे उभे राहिले. खेळायला माणसे थोडी उरली आणि उरलेल्यांना सवड राहिली नाही.

तरी खेळ मेला नाही. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी तिथल्या रेडवूड लाकडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि सांताक्रूझच्या समुद्रात ते लाटांवर उतरले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची सर्फिंगची ही पहिली नोंद मानली जाते.

राज्य मात्र टिकले नाही. जानेवारी १८९३ मध्ये अमेरिकी नौसैनिकांच्या पाठबळावर गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केले. १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली.

आणि बघा, याच सुमारास पर्यटकांना हवाईची लाट हवीहवीशी वाटू लागली. १९०१ मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर मोआना हॉटेल उघडले. १९०८ मध्ये तिथे एक क्लब निघाला, त्यात बहुतेक सभासद गोरे होते. तेव्हा भूमिपुत्रांनी १९११ मध्ये आपला वेगळा संघ रीतसर उभा केला. त्याचे नाव ‘हुई नालू’, म्हणजे लाटेची मंडळी.

या मंडळींतला ड्यूक कहानामोकू १८९० चा, राजा कलाकौआच्या कारकिर्दीत जन्मलेला. त्याला आठ वर्षे पुरी होण्याआधीच त्याचा देश अमेरिकेचा झाला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले ते अमेरिकेसाठी. पुढे सिडनीत त्याने पाइनची फळी तासली आणि ऑस्ट्रेलियाला लाटेवर उभे राहून दाखवले.

१९७८ मध्ये हवाईयन भाषेला राज्यभाषेचा दर्जा परत मिळाला. १९९३ मध्ये, राज्य बुडाल्यावर शंभर वर्षांनी, अमेरिकेने झाल्या गोष्टीबद्दल कायद्याने माफी मागितली. सत्ता किंवा जमीन त्या माफीबरोबर परत आली नाही.

२०२१ मध्ये टोकियोला झालेल्या ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूरने जिंकले. ती होनोलुलूत जन्मलेली, हवाईच्या मूळ रहिवाशांचा वारसा सांगणारी. व्यावसायिक जागतिक स्पर्धांत ती हवाईच्या झेंड्याखाली उतरत असे. ऑलिम्पिकमध्ये तशी सोय नव्हती. त्या दिवशी तिच्यासाठी चढला तो अमेरिकेचा झेंडा. ज्या देशाचे राजपुत्र १८८५ मध्ये सांताक्रूझच्या लाटांवर उतरले होते, त्याचे नाव सहभागी देशांच्या यादीत नव्हते.