सफाई मासा घरच्या टाकीत का टिकत नाही? खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणाऱ्यांनी आधी हे वाचा

गोड्या पाण्याच्या फिश टँकवर हात बसला की अनेकांचे लक्ष खाऱ्या पाण्यातल्या रंगीत माशांकडे जाते. मोठ्या शहरातून मासे आणताना दुकानात हमखास एक सल्ला मिळतो, ‘सोबत एक क्लीनर घेऊन जा, बाकीच्या माशांना रोग होणार नाही.’ बोटाएवढा, निळसर अंगाचा आणि तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेला हा मासा दिसायला देखणा असतो. पण घरी आणल्यावर तो बऱ्याचदा काही आठवड्यांत खंगून मरतो आणि बाकीच्यांचा रोगही जात नाही. पैसे जातात ते वेगळेच.

सफाई मासा म्हणजे सकर नव्हे

गोड्या पाण्यात काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकर सगळ्यांना माहीत असतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यातला क्लीनरही काच आणि तळ साफ करील असा समज होतो. तसे नाही. हा मासा टाकी साफ करत नाही, तो दुसऱ्या माशांचे अंग साफ करतो. दुकानात त्याला ‘क्लीनर रास’ म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस. हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ भागांत तो राहतो. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रात तो आढळतो.

समुद्रात त्याचे ‘दुकान’ चालते

प्रवाळावरची एक जागा धरून हा मासा तिथेच राहतो. आजूबाजूचे लहानमोठे मासे त्या जागी येतात, तोंड आणि कल्ले उघडून स्थिर उभे राहतात. मग तो त्यांच्या अंगावरचे बारीक परजीवी टिपून खातो. मोठे शिकारी मासेसुद्धा त्याला सहसा गिळत नाहीत, कारण त्याची गरज त्यांनाही असते.

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफवर संशोधक अलेक्झांड्रा ग्रटर यांनी याची मोजदाद केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार एक सफाई मासा दिवसाला २,००० पेक्षा जास्त वेळा माशांची तपासणी करतो आणि सरासरी सुमारे १,२०० परजीवी खातो. आता घरच्या टाकीचा विचार करा. तिथे मासे असतात पाच-सहा, आणि त्यांच्या अंगावर त्याच्या खाण्याचे परजीवी जवळपास नसतातच. खरी अडचण इथेच आहे.

टाकीत दोन गोष्टी होतात

पहिली, तो उपाशी राहतो. बाहेरचे खाणे त्याला ओळखता येत नाही. पोट आत जाते, पाठ बारीक होते आणि एक दिवस तो मेलेला सापडतो.

दुसरी, तो बाकीच्या माशांना त्रास देऊ लागतो. माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला परजीवींपेक्षाही जास्त आवडतो, हे प्रयोगांत दिसले आहे. समुद्रात असा चावा घेतला तर गिऱ्हाईक पळून जाते. टाकीत पळायला जागाच नसते. त्याच त्याच माशांना दिवसभर टोचले की ते लपून बसतात, खाणे सोडतात आणि अंगावर जखमा होतात.

पांढरे ठिपके त्याने जात नाहीत

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले की लोक क्लीनर शोधू लागतात. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो. तो कातडीच्या आत शिरलेला असतो, म्हणून सफाई माशाच्या तोंडाला लागत नाही. काही दिवसांनी तो अंगावरून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि पिल्ले पुन्हा माशांना धरतात. मधले दिवस ठिपके दिसत नाहीत, त्यामुळे ‘क्लीनरने रोग घालवला’ असे वाटते.

खरा उपाय दुसऱ्या टाकीचा. नवा मासा आणला की तो थेट मुख्य टाकीत सोडू नका, चार ते सहा आठवडे वेगळा ठेवा. तांब्याचे औषध द्यायचे असेल तर त्याच वेगळ्या टाकीत, मोजून आणि तपासणी किट हाताशी ठेवूनच द्या. मुख्य टाकीत ते टाकले तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

तरीही घ्यायचाच असेल तर

- दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. मासा फ्रोझन खाणे खात नसेल तर घेऊ नका.
- पोट आत गेलेला, एका कोपऱ्यात पडून राहणारा मासा टाळा.
- मोठी टाकी आणि भरपूर मासे असतील तरच विचार करा. एका टाकीत एकच ठेवा.
- बारीक चिरलेली कोळंबी, आर्टेमिया किंवा मायसिस थोडे थोडे करून दिवसातून तीन-चार वेळा द्या. खात नसेल तर हेच वाटून शिंपल्याला लावून ठेवा. अंगावरून टिपायची सवय असल्याने काही मासे असे खायला शिकतात.
- टाकीला झाकण हवेच. हा मासा उडी मारतो.

सोपे पर्याय

निऑन गोबी हा फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागातला जेमतेम दोन इंची मासा. तोही इतर माशांचे अंग साफ करतो, पण बाहेरचे खाणे सहज घेतो आणि माणसाच्या देखरेखीत त्याची पैदास होते. घेताना पैदास केलेलाच मागा. मोठे शिकारी मासे सोबत ठेवू नका.

दुसरा पर्याय सफाई कोळंबीचा. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली ही कोळंबी उरलेले खाणेही खाते. टाकीत सोडताना घाई नको. बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब थेंब तिच्या पिशवीत मिसळत तासभर तरी घ्या. रोग बरा करायचे काम मात्र या दोघांवरही सोपवू नका.

पाणी आणि वीज आधी बघा

आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, ते थेट वापरू नका. आरओच्या पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ मिसळा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहते, म्हणून पातळी कमी झाली की साधे आरओचे पाणी भरा. तापमान २५ ते २७ अंशांवर राहू द्या. उन्हाळ्यात हे अवघड जाते, तेव्हा पाण्यावर पंखा लावावा लागतो. भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असायलाच हवा.

एवढी तयारी होईपर्यंत क्लीनर रास दुकानातच राहू द्यावा. पाणी नीट ठेवले आणि नवे मासे काही आठवडे वेगळे ठेवले, तर बहुतेक टाक्यांना सफाई माशाची गरजच पडत नाही.