जलशातला गण: श्रद्धा की विद्रोह?

गाणं धार्मिक की राजकीय? लोकसंगीतावर संशोधन करायचं ठरवलं की हा प्रश्न येतोच. जलशांच्या बाबतीत मात्र तो फारसा कामाचा नाही. का, ते बघू.

तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने होते. मग गौळण, बतावणी, वग. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार पुढे जलशांनी खेडोपाडी नेला, तो याच ओळखीच्या साच्यातून. त्यांनी गण टाकला नाही, त्याचा अर्थ बदलला: गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा नायक. साचा जुना, पण नमस्कार कुणाला, ते नवं.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत नेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर वामनदादा कर्डकांसारख्यांच्या गाण्यांत बुद्ध आणि भीमराव शेजारी शेजारी आले. इथे बुद्धाला वंदन करणं हाच जातिव्यवस्थेला नकार होता.

अशा गाण्यांवर 'भक्तिगीत' असा शिक्का मारला तर त्यातला विद्रोह निसटतो, 'प्रचारगीत' म्हटलं तर श्रद्धा. म्हणून प्रत्येक गाण्याला तीन प्रश्न विचारा: वंदन कुणाला? जुन्यातलं काय ठेवलं? समोर ऐकायला कोण बसलंय? वर्गीकरण त्यानंतर करा.